किशोरवयीन मुलांची झोप आणि अंथरुणातला मोबाइल

धागाकर्ता

किशोरवयीन मुलांच्या झोपेवरून घराघरांत जो वाद होतो, त्यात मूल आळशी झाले आहे आणि त्याला मोबाइलचे वेड लागले आहे, हे दोन आरोप हमखास एकत्र केले जातात. ते एकत्र केल्यामुळे मूळ प्रश्न नीट मांडलाच जात नाही, असे माझे मत आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रात्री उशिरा झोप येणे हा शरीराचा भाग आहे, आणि त्या उशिरात आणखी तास-दीड तासाची भर पडणे हा बहुतेक वेळा मोबाइलचा भाग आहे. पहिल्या गोष्टीसाठी मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या गोष्टीवर मात्र काही करता येते, आणि नेमके काय करावे याविषयी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी शरीराविषयी. अमेरिकी संशोधक मेरी कार्सकॅडन यांनी १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळ्यात मुलांची झोप मोजण्याचा एक दीर्घ प्रयोग चालवला. दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून त्याच मुलांना वर्षानुवर्षे परत बोलावले जाई आणि रात्री दहा तास अंथरुणात घालवण्याची मुभा दिली जाई. मुले मोठी होतील तशी त्यांची झोपेची गरज कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सर्व वयांत झोप सरासरी सव्वानऊ तासांच्या आसपासच राहिली, आणि तेवढी झोप घेऊनही वयात आलेली मुले दुपारी लहान मुलांपेक्षा अधिक पेंगुळलेली आढळली. मोठ्या मुलाला कमी झोप पुरते, हा आपला सर्वसाधारण समज या निरीक्षणापुढे टिकत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा या वयासाठी ८ ते १० तासांची शिफारस केली, ती मुलांचे लाड म्हणून नव्हे.

गरज तेवढीच राहते, पण झोपेची वेळ मात्र पुढे सरकते. वयात येताना मेलाटोनिन हे रात्रीची सूचना देणारे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. शिवाय दिवसभर जागे राहिल्याने झोपेची जी ओढ साठत जाते, ती मोठ्या मुलांमध्ये लहानांपेक्षा सावकाश साठते, त्यामुळे रात्री दहा वाजता ती मुले खरोखरच टक्क जागी असतात. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की उशिरा झोपून उशिरा उठण्याचा हा कल विशीच्या आसपास टोकाला पोहोचतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला अकराला झोप येत असेल आणि शाळेसाठी सहाला उठावे लागत असेल, तर मोबाइल हातात नसतानाही त्याची झोप सातच तासांची होते. मोबाइलचा विचार या तुटीच्या पुढे सुरू होतो.

आता मोबाइलविषयी. पडद्याच्या निळ्या प्रकाशाचा उल्लेख सर्वत्र होतो आणि त्यात तथ्य आहे. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या पाहण्याचे काम फारसे करत नाहीत, दिवस आहे की रात्र याची खबर मेंदूतील घड्याळाला देतात, आणि त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक दबले आणि त्यांचे जैविक घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. पण त्याच प्रयोगात झोप लागायला लागलेला जादा वेळ सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच होता. त्यात भाग घेणारे केवळ बारा तरुण होते, त्यांचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवलेला होता आणि खोली मंद प्रकाशाची होती. म्हणून सगळा दोष निळ्या प्रकाशावर टाकून, रात्रीचा पिवळसर पडदा सुरू केला की काम झाले असे मानणे मला धोक्याचे वाटते. २०२१ मध्ये अठरा ते चोवीस वर्षांच्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात तशा पिवळसर पडद्याने झोपेत काही सुधारणा दिसली नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी निरीक्षण न्यूझीलंडमधील आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११ ते १४ वर्षांच्या ७९ मुलांच्या अंगावर कॅमेरा लावून ती रात्री पडद्यावर काय करतात हे प्रत्यक्ष नोंदवले गेले. मुलांच्या सांगण्यावर विसंबून न राहता केलेली अशी नोंद दुर्मीळ असते. अंथरुणात जाण्यापूर्वीच्या दोन तासांत पाहिलेल्या पडद्याचा त्या रात्रीच्या झोपेवर फारसा परिणाम आढळला नाही. अंथरुणात शिरल्यावर वापरलेल्या पडद्याचा मात्र स्पष्ट परिणाम आढळला, आणि त्यातही खेळ खेळण्याने किंवा एकाच वेळी एकाहून अधिक उपकरणे हाताळण्याने झोप सर्वाधिक कापली गेली. घरातले भांडण बहुधा संध्याकाळच्या मोबाइलवरून होते आणि खरी झोप जाते ती दिवा मालवल्यानंतर, पांघरुणाखाली. हे ज्यांना पटत नाही त्यांनीही आपले म्हणणे जरूर मांडावे.

प्रतिसाद : पंधरा वर्षांच्या मुलाची आई

आपण मांडलेला मुद्दा पटतो, परंतु माझी अडचण थोडी वेगळी आहे. माझा मुलगा म्हणतो की मोबाइलमुळे झोप जात नाही, झोप येत नाही म्हणून तो मोबाइल घेतो. मी मध्यंतरी रात्री साडेनऊला मोबाइल काढून घेऊन त्याला झोपायला पाठवू लागले. तो खोटे बोलत नव्हता, कारण मी खोलीत डोकावले तेव्हा तो कूस बदलत नुसता पडून होता, आणि सकाळी उठवताना पूर्वीइतकीच ओढाताण झाली. मग मोबाइल हे कारण आहे की परिणाम आहे?

धागाकर्ता

ताई, दोन्ही आहे, आणि तुमचा मुलगा सांगतो त्यात निम्मे सत्य नक्कीच आहे. ज्याला झोप येत नाही तो मोबाइल उचलतो, आणि मोबाइल उचलल्यावर जी झोप पाऊण तासात आली असती ती दोन तास लांबते. मोबाइल काढून घेतल्याने यातला दुसरा भाग थांबतो, पहिला तसाच राहतो.

साडेनऊला झोपायला पाठवण्याविषयी मुद्दाम सांगावेसे वाटते. आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे दिवसातल्या सर्वाधिक जागृतीच्या तासांपैकी असतात. पेरेत्झ लावी या संशोधकाने १९८६ मध्येच या काळाला झोपेचा निषिद्ध पट्टा म्हटले होते. ज्याला बाराला झोप लागते त्याला साडेनऊला अंथरुणात पाठवले तर तो नेमका या पट्ट्यात सापडतो, तळमळतो, आणि अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा असा संबंध त्याच्या मनात पक्का होतो. झोपेची वेळ हुकमाने मागे आणता येत नाही. ती सकाळच्या बाजूने मागे आणावी लागते.

उठण्याची वेळ रोज शक्यतो एकच ठेवावी आणि उठल्यावर अर्धा तास तरी मुलाने उघड्यावरच्या उजेडात घालवावा, कारण सकाळचा प्रकाश जैविक घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजेच त्या रात्रीची झोप थोडी लवकर आणतो. खिडकीआडच्या खोलीतला दिवा आपल्याला लख्ख वाटला तरी बाहेरच्या ढगाळ दिवसाच्या उजेडाशीही त्याची बरोबरी होत नाही. झोपायला जाण्याची वेळ मग दर काही दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्यावी. हे काम आठवड्यांचे आहे, एका रात्रीत फरक दिसणार नाही, आणि तोवर त्याला साडेनऊऐवजी अकराला, पण मोबाइलशिवाय, अंथरुणात जाऊ द्यावे. त्याआधीच्या वेळात तो बाहेरच्या खोलीत काहीही करत असला तरी माझी हरकत नसेल.

प्रतिसाद : माध्यमिक शाळेतील शिक्षक

मी सकाळच्या पहिल्या तासिकेला शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचे दुसरे टोक रोज पाहतो. पहिल्या तासिकेला डोळे उघडे ठेवून झोपलेली मुले दुपारच्या तासिकेला हुशारीने प्रश्न विचारतात. त्यांना मंद किंवा बेपर्वा ठरवण्यापूर्वी हा फरक प्रत्येक शिक्षकाने लक्षात घ्यावा, असे मला मनापासून वाटते. झोपेच्या शेवटच्या प्रहरात स्वप्नावस्थेची झोप सर्वाधिक असते. पहाटे दीड तास लवकर उठवलेल्या मुलाची झोप सगळीकडून सारखी कापली जात नाही, तोच भाग अधिक कापला जातो.

धागाकर्त्यांनी शाळेच्या वेळेचा मुद्दा ओझरता घेतला आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये किशोरवयीन मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नयेत, अशी भूमिका घेतली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली. मनगटावरच्या मोजणी-यंत्रांनी केलेल्या तुलनेत मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. उशिरा शाळा म्हटल्यावर मुले तेवढाच वेळ अधिक जागतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. मोबाइल त्या मुलांकडेही होतेच. पुढे कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला आणि तो २०२२ पासून लागू झाला. पालकांनी मोबाइलशी जितकी झुंज घेतली त्याच्या निम्मी शक्ती शाळेच्या वेळेसाठी एकत्र येऊन लावली असती, तर आज अधिक मुले जागी दिसली असती.

प्रतिसाद : दोन मुलींचे वडील

आपण सर्वजण फार सौम्य भूमिका घेत आहात, असे मला वाटते. शाळेची वेळ बदलणे माझ्या हातात नाही, घरातले इंटरनेट बंद करणे माझ्या हातात आहे. रात्री दहानंतर जोडणी बंद, मोबाइलवर कुलूप, असा सरळ नियम केला तर ही सगळी चर्चा संपते. मुलांना स्वतःवर ताबा नसतो, म्हणूनच ताबा आपण ठेवायचा असतो.

धागाकर्ता

नियम असावा याबद्दल आपले दोघांचे एकमत आहे. मतभेद आहे तो नियम कुणाला आणि कशाला लागू करायचा यावर. केवळ कुलपाने काय साधते याचा एक मोठा अनुभव जगाच्या गाठीशी आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा या वेळेत संगणकावरील ऑनलाइन खेळ कायद्यानेच बंद केले. मुलांनी मोठ्यांच्या नावाने खाती उघडली, पुढे खेळ मोबाइलवर गेले, झोपेत जी वाढ झाली ती नगण्य होती, आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे जमले नाही, ते घरातल्या एका कुलपाने एकट्याने जमेल असे मला वाटत नाही.

जागेचा नियम मात्र मला वेळेच्या नियमापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो: रात्री कुणाचाही मोबाइल झोपण्याच्या खोलीत जाणार नाही, तो एका ठरलेल्या जागी चार्जिंगला लागेल, आणि 'कुणाचाही' यात आई-वडीलही आले. सव्वा लाख मुलांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या एका विश्लेषणात झोपताना उपकरण वापरणाऱ्या मुलांमध्ये अपुऱ्या झोपेचे प्रमाण तर अधिक आढळलेच, शिवाय ते न वापरता नुसते जवळ ठेवणाऱ्या मुलांतही झोप अपुरी असल्याचे दिसले. गजरासाठी मोबाइल लागतो, ही सबब साध्या गजराच्या घड्याळाने मिटते. दिवसभरातल्या एकूण तासांवर लक्ष ठेवण्याने तुलनेने फार थोडे हाती लागते. अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत पडद्यासमोरच्या प्रत्येक तासामागे झोप तीन ते आठ मिनिटांनीच कमी दिसली. दुपारच्या तासासाठी भांडून रात्रीच्या नियमासाठी लागणारा सलोखा खर्च करू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

प्रतिसाद : बारावीत शिकणारी मुलगी

मी या चर्चेतील सर्वांत लहान असेन, तरीही लिहिते, कारण येथे आमच्याविषयी बोलले जात आहे. सकाळपासून शाळा, शिकवणी, गृहपाठ आणि घरच्यांच्या सूचना यांत दिवस जातो. रात्री सगळे झोपल्यावर जो तास मिळतो, तो एकटाच माझा असतो. मला झोप येत असते, डोळे चुरचुरत असतात, तरीही मोबाइल ठेवावासा वाटत नाही, कारण ठेवला की लगेच उद्या सुरू होणार असतो. दुसरे असे की आमचे गट रात्रीच बोलतात. जी मुलगी रात्री उत्तर देत नाही तिला दुसऱ्या दिवशी काय ठरले ते कळत नाही, आणि कधी कधी तिच्यावाचून ठरवलेही जाते. मोबाइल बाहेर ठेवा असे सांगणाऱ्यांना ही भीती लहान वाटते. आम्हाला ती लहान वाटत नाही.

धागाकर्ता

तुझा प्रतिसाद मी सर्वांत काळजीपूर्वक वाचला, आणि येथील पालकांनीही तो पुन्हा वाचावा अशी विनंती करतो. झोप येत असूनही झोप पुढे ढकलणे ही झोप न येण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर सकाळच्या उजेडाचा किंवा पिवळ्या पडद्याचा उपाय चालणार नाही. ज्याला दिवसात स्वतःचा तास मिळत नाही तो रात्रीतून तो काढणारच, आणि मोबाइल नसता तर दुसऱ्या कशातून तरी काढला असता. अंतहीन सरकत जाणारे व्हिडिओ त्या तासाला शेवट येऊ देत नाहीत, हा मोबाइलचा वेगळा दोष आहे. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भागही संपतो, या सरकत्या पडद्याला मात्र संपण्याची जागाच ठेवलेली नसते. म्हणून पालकांनी मोबाइल मागण्यापूर्वी मुलाच्या संध्याकाळीत एक तास मोकळा करून द्यावा, ज्यात त्याला कुणी काही विचारणार नाही आणि जो गुणांच्या हिशेबात धरला जाणार नाही. शिकवणीचा एक वर्ग कमी करून हा तास मिळत असेल तर तो सौदा मी करेन.

गटातल्या बोलण्याचा प्रश्न एकटी मुलगी सोडवू शकत नाही, कारण एकटीने बाहेर पडण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. चार-पाच मैत्रिणींच्या पालकांनी आपसांत बोलून रात्रीची एकच वेळ ठरवली तर कुणीच एकटी पडत नाही. हे काम मुलांवर न टाकता पालकांनी करावे.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ

चर्चेत न आलेल्या काही गोष्टी मांडतो, कारण झोपेची प्रत्येक तक्रार मोबाइलच्या नावावर टाकली गेल्याने उपचार लांबल्याची उदाहरणे मी पाहतो. मूल जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंगत असेल, किंवा संध्याकाळी पायांत अस्वस्थता येऊन ते हलवत राहावे लागत असतील, तर तपासणी करून घ्यावी. पायांच्या अस्वस्थतेमागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते आणि ती रक्ततपासणीत कळते. दुपारनंतरची कॉफी किंवा उत्तेजक पेये यांचीही चौकशी करावी, कारण कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात आणि संध्याकाळी सहाला घेतलेले पेय रात्री अकरालाही काम करत असते. मेलाटोनिनच्या गोळ्या पालकांनी आपल्या मनाने देऊ नयेत. त्या कोणत्या वेळी घेतल्या यावर त्यांचा परिणाम अवलंबून असतो, आणि चुकीच्या वेळी घेतल्यास जैविक घड्याळ उलट्या दिशेलाही सरकू शकते.

झोप आणि मन यांचा संबंध दुहेरी आहे. सलग काही आठवडे झोप उडालेली असणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, मित्रांपासून दूर राहणे, जगण्याला कंटाळल्याचे बोलणे, यांपैकी काही आढळल्यास रात्री मोबाइल पाहणे हे त्या दुःखाचे केवळ दिसणारे टोक असू शकते. अशा वेळी मोबाइल काढून घेण्याची घाई करू नये. मुलाशी बोलावे आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे. मरणाविषयीचे बोलणे असेल तर त्याच दिवशी न्यावे. मोबाइल हाच कदाचित त्या मुलाचा मित्रांशी उरलेला धागा असतो.

प्रतिसाद : पंधरा वर्षांच्या मुलाची आई

सकाळच्या उजेडाचा उपाय सुरू करणार आहे. एक शंका उरते. रविवारी तो दुपारी बारापर्यंत झोपतो. ते झोपू द्यावे की नाही?

धागाकर्ता

आठवडाभराची तूट असते, त्यामुळे अजिबात झोपू न देणे अन्यायाचे होईल. पण बारापर्यंत झोपल्यास त्याचे घड्याळ पुन्हा मागे पडते, रविवारी रात्री एक वाजेपर्यंत झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ सर्वांत वाईट जाते. नेहमीच्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशिरा उठू द्यावे, उठल्यावर उजेडात न्यावे, आणि अगदीच गळाल्यासारखे वाटल्यास दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी. पहिले दोन-तीन रविवार तो चिडेल. त्या दिवशी सकाळी त्याच्या आवडीचे काहीतरी बाहेर ठरवलेले असेल, तर उठवणे दोघांनाही सोपे जाईल.